ब्रोकर प्रोड्यूसरला कधी थांबवतो

अपाचे ॲक्टिव्हएमक्यू हा जावात लिहिलेला मेसेज ब्रोकर आहे. कन्झ्युमर मागे पडला की ब्रोकरकडे मेसेज साचू लागतात. ते किती साचू द्यायचे, हे तीन मर्यादांवर ठरते : मेमरी, स्टोअर आणि टेम्प. सोबत मिळणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये त्या अनुक्रमे जेव्हीएम हीपच्या 70 टक्के, 100 जीबी आणि 50 जीबी असतात.

पर्सिस्टंट मेसेज स्टोअरमध्ये, म्हणजे डिस्कवर, लिहिलेले असतात. नॉन-पर्सिस्टंट मेसेज मेमरीतच असतात; ती भरत आली की ब्रोकर त्यांना टेम्पच्या फायलींत उतरवतो. डिस्कवर गेले म्हणून ते टिकाऊ होत नाहीत : ब्रोकर बंद करून पुन्हा सुरू केला, की ते गेलेले असतात. या फायली ठरलेल्या आकाराच्या असतात, मूळ सेटिंगनुसार 32 एमबीच्या. जागाही फायलीगणिक मोकळी होते. एका फायलीतला एकच मेसेज न उचललेला राहिला, तरी ती अख्खी फाईल अडून राहते. त्यामुळे टेम्पची मर्यादा काटकसरीने ठेवणे महागात पडते.

मर्यादा गाठली की ब्रोकर प्रोड्यूसरला रोखतो. पोचेची वाट पाहणाऱ्या प्रोड्यूसरच्या बाबतीत हे सरळ आहे. जागा होईपर्यंत ब्रोकर पोच देत नाही आणि थ्रेड ‘सेंड’च्या ओळीवर उभा राहतो. पोच न मागता पाठवणाऱ्यासाठी मात्र ‘प्रोड्यूसर विंडो साइझ’ द्यावी लागते, म्हणजे पोच येईपर्यंत किती बाइट पाठवायचे याला बंधन राहते. ती नसेल तर ब्रोकरला अख्खे कनेक्शनच वाचायचे थांबवावे लागते. त्याच कनेक्शनवर कन्झ्युमर असेल, तर मेसेज उचलल्याची त्याची पोचही मागे अडकते आणि ज्याच्यामुळे जागा झाली असती तोच खोळंबतो. प्रोड्यूसर आणि कन्झ्युमर यांना वेगवेगळी कनेक्शन द्यावीत, ती यासाठी.

खरा त्रास असतो तो शांततेचा. ब्रोकर चालू, कनेक्शन शाबूत, ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये एकही एरर नाही आणि काम मात्र ठप्प. थ्रेड डंप काढला तर तोच थ्रेड तिथेच उभा दिसतो. यावर ‘सेंड फेल इफ नो स्पेस आफ्टर टाइमआउट’ हे सेटिंग आहे. त्यात 3000 लिहिले, तर तीन सेकंद वाट पाहून ब्रोकर प्रोड्यूसरला एक्सेप्शन देतो. मेसेज पुन्हा पाठवायचा, बाजूला ठेवायचा की वापरणाऱ्याला कळवायचे, हे मग ॲप्लिकेशनला ठरवता येते.