घरचा प्राणवायू : सिलिंडर की कॉन्सन्ट्रेटर?

घरातील वडीलधाऱ्यांना प्राणवायू देण्यास डॉक्टरांनी सांगितले असेल, तर साधन निवडण्यापूर्वी आपण तासांचा हिशेब मांडावा. सुमारे १५०० लिटर प्राणवायू मावणारे ‘बी’ प्रकारचे भरलेले सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या वेगाने साधारण साडेबारा तास पुरते. गरज दीर्घकाळाची असल्यास हवेतील नायट्रोजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर सोयीचा. मात्र वीज गेली की तो थांबतो. म्हणून जोडीला भरलेले सिलिंडर हवेच. त्याच्या झडपेला तेल लावू नये. समई, उदबत्ती, शेगडी दूर ठेवावी. धाप वाढलेली पाहून आपला जीव कासावीस होईल; तरीही प्रवाह परस्पर वाढवू नये, तत्काळ डॉक्टरांना कळवावे. फुप्फुसांच्या जुन्या विकारात अतिरिक्त प्राणवायूने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते.