भंगार ओलं आहे, हे सांगणार कोण? कारखान्यातली टीम घडते कशी

पावसाळा सुरू झाला की बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेतल्या आणि तिकडे कोल्हापूरच्या शिरोली-कागलमधल्या फाउंड्रीवाल्यांची एक काळजी वाढते, ती म्हणजे ओलं भंगार. भट्टीतला लोखंडाचा रस साधारण १,४०० अंश सेल्सिअसला असतो. पाणी साठलेला पाइपचा तुकडा किंवा बंद तोंडाची नळी त्यात पडली, तर पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या जवळपास १,७०० पट जागा लागते. मग रस उसळून बाहेर येतो, आणि भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही.

ते ओलं भंगार सगळ्यात आधी दिसतं कोणाला? मालकाला नाही, मॅनेजरला नाही. दिसतं ते भंगार उचलून भट्टीत टाकणाऱ्या हेल्परला. तो बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो, सगळ्यात नवा आणि सगळ्यात कमी पगाराचा. भट्टी तापलेली आहे, विजेचं मीटर पळतंय, सुपरवायझर घड्याळाकडे बघतोय. अशा वेळी तो हेल्पर ‘थांबा, हे ओलं आहे’ असं म्हणतो का, यावर त्या कारखान्यात टीम आहे की नुसती हजेरीपटावरची माणसं, हे ठरतं.

‘टीम बिल्डिंग’ म्हटलं की हल्ली दांडेलीचं राफ्टिंग, एकसारखे टी-शर्ट आणि रिसॉर्टवरचा ग्रुप फोटो आठवतो. त्यात वाईट काहीच नाही, दोन दिवस माणसं मोकळी हसतात. पण सोमवारी पुन्हा मशीनपाशी उभं राहिल्यावर चूक सांगणाऱ्यावर साहेब खेकसत असेल, तर राफ्टिंगचा खर्च पाण्यातच गेला म्हणायचा.

दोष एका खात्यात, सापडतो दुसऱ्या खात्यात

फाउंड्रीचं काम साखळीचं. पॅटर्नवरून वाळूचा साचा तयार होतो, आत पोकळी हवी असेल तिथे कोअर बसवला जातो, भट्टीत रस तयार होतो, तो साच्यात ओतला जातो. थंड झाल्यावर साचा फोडायचा, कास्टिंग काढायचं, फेटलिंगमध्ये घासून साफ करायचं आणि मग मशीनशॉपला पाठवायचं. सांगायला सोपं, पण दोष जिथे तयार होतो तिथे तो दिसत नाही, ही यातली खरी अडचण.

ब्लोहोलचंच घ्या. वाळूत ओल जास्त झाली, कोअर नीट वाळला नाही किंवा वायू बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. वरून माल एकदम छान दिसतो. फेटलिंगवाल्याला कळत नाही, इन्स्पेक्शनमधूनही सुटतो. लेथवर दोन मिलिमीटर कापल्यावर भोक उघडं पडतं, तेही कधी कधी थेट ग्राहकाच्या कारखान्यात. तोवर त्याच वाळूची शेकडो कास्टिंग्ज तयार झालेली असतात.

मग मीटिंग बसते. मेल्टिंगवाले म्हणतात वाळू खराब, वाळूवाले म्हणतात रस थंड होता, कोअरवाले गप्प. प्रत्येकाजवळ उत्तराचा एकेक तुकडा असतो, पण तो टेबलावर ठेवला तर आपल्याच खात्यावर रिजेक्शन पडेल या भीतीने तो कोणी ठेवत नाही. महिन्याभराने तोच दोष पुन्हा येतो.

माणसं इथे आळशी नाहीत की अडाणीही नाहीत. खरं बोलणं त्यांना महाग पडतं, एवढंच. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना ही गोष्ट इस्पितळात सापडली. नव्वदच्या दशकात त्या इस्पितळांच्या वॉर्डांमध्ये औषध देण्यातल्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असणार, असा त्यांचा अंदाज. आकडे आले ते उलटे. ज्या वॉर्डांची टीम चांगली, तिथे नोंदलेल्या चुका जास्त! नीट पाहिल्यावर उलगडा झाला. त्या वॉर्डांत चुका अधिक होत होत्या असं नव्हे, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात. १९९९ साली एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीम्सचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. शंका विचारली, चूक कबूल केली तर आपली बेइज्जती होणार नाही, हा भरवसा जिथे होता, तिथली टीम शिकत होती आणि तिचं कामही चांगलं होत होतं. पुढे गुगलने २०१२पासून आपल्या १८० टीम्स तपासल्या. टीममध्ये कोण हुशार बसलाय यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात, हे जास्त महत्त्वाचं ठरलं, आणि त्यातही हाच भरवसा सगळ्यात वर निघाला.

म्हणजे ज्या शॉपच्या रिजिस्टरमध्ये महिनोन् महिने ‘दोष : शून्य’ लिहिलेलं असतं, तिथे मालकाने खूश होण्याआधी एकदा स्वतः फेरी मारावी.

माणसं तीच, कारखाना वेगळा

‘आमच्याकडची माणसंच तशी’ हे वाक्य सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतं. त्याला अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या कारखान्याचं उदाहरण चांगलं उत्तर आहे. जनरल मोटर्सचा हा कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ‘नुम्मी’ नावाने तो पुन्हा सुरू केला. युनियन तीच आणि कामगारही बहुतांश तेच. पण थोड्याच काळात गैरहजेरी घटली आणि गाड्यांचा दर्जा जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांपेक्षा वर गेला.

बदललं काय? लाइनवर एक दोरी टांगलेली होती. अडचण दिसली की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. ओढली की टीम लीडर धावत यायचा. ओरडायला नव्हे, मदतीला. ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबायची. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा होता. काहीही होवो, गाडी पुढे ढकलायची आणि नंतर अंगणात दुरुस्त करायची, असा कारभार. आता थांबवणं हाच कामाचा भाग झाला.

दोरी टांगायला खर्च फारसा नाही. महाग असते ती पहिली आठ दिवसांची सवय. पहिल्यांदा जो कामगार दोरी ओढतो, त्याच्याशी साहेब कसा वागतो हे सगळं शॉप बघत असतं. भंगार परतवणाऱ्या हेल्परला ‘बरं झालं बघितलंस’ म्हटलं, की दुसऱ्या दिवशी आणखी दोघे बोलतात. ‘तुला कोणी विचारलं?’ म्हटलं, की पुढची पाच वर्षं कोणी बोलत नाही.

‘आयतरी’, ‘होय की’ आणि ‘जी साहब’

सीमाभागात यात आणखी एक पेच आहे, भाषेचा. एकाच शेडमध्ये खानापूरचा मोल्डर मराठी बोलतो, बैलहोंगलचा फिटर कन्नड, उत्तर प्रदेशातून आलेला भट्टीवाला हिंदी, आणि ड्रॉइंग असतं इंग्रजीत. एरवी भाषेवरून कितीही वाद होवोत, शॉपमध्ये माणसं दुसऱ्याची भाषा शंभर शब्दांपुरती तरी शिकतातच. त्यामुळे भाषा हा टीमचा अडथळा आहे असं सरसकट म्हणणं खरं नाही.

अडथळा येतो तो ‘समजलं का?’ या प्रश्नात. या प्रश्नाला ‘आयतरी’, ‘होय की साहेब’ किंवा ‘जी साहब’ याशिवाय उत्तरच नसतं. परक्या भाषेत ‘समजलं नाही’ म्हणायला तर दुप्पट धाडस लागतं. म्हणून जाणते फोरमन ‘समजलं का’ असं विचारतच नाहीत. ‘आता काय करणार, करून दाखव बघू’ म्हणतात. माणूस स्वतःच्या भाषेत सांगतो, हाताने दाखवतो, आणि कुठे चुकतोय ते तिथल्या तिथे कळतं. वाळूत ओल किती हवी याचा आकडा, कोअर किती वेळ भाजायचा, कुठलं भंगार चालत नाही, अशा पाच-सात गोष्टी तिन्ही भाषांत, जमल्यास चित्रांसह, भिंतीवर रंगवल्या तर आणखी बरं. आणि चहाची वेळ एकच ठेवावी. मराठीवाले एका बाकावर आणि कन्नडवाले दुसऱ्या बाकावर असं रोज बसू लागले, की रिजेक्शनच्या मीटिंगमध्येही तेच बाक मांडले जातात.

टीमचा आकडाही लहान असावा. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचे रस्सीखेचीवरचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जणांनी मिळून दोर ओढला, तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जोराच्या जेमतेम निम्म्यावर आला होता. काही जोर दिशा न जुळल्याने वाया गेला, काही ‘बाकीचे आहेत की’ म्हणून. साधा हिशेबही तेच सांगतो. सहा माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या १५ जोड्या होतात, बारा माणसांत ६६.

मुंबईच्या डबेवाल्यांनी हे कुठल्या पुस्तकात न वाचता जमवलं. १८९०च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवस्थेत बहुतेक माणसं मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातली. ती लहान लहान गटांत काम करतात, गटाला एक मुकादम, आणि तो स्वतःही डबे उचललेला अनुभवी माणूस. गटाची कमाई वाटून घेतली जाते आणि कोणी आजारी पडला तर काम अडू नये म्हणून काही जादा माणसं ठेवलेली असतात. डबा चुकला तर नुकसान सगळ्या गटाचं, म्हणून शेजारच्याची चूक वेळीच सांगणं हे चुगली ठरत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच शॉपमध्ये हिशेब नेमका उलटा असतो. मोल्डरला बॉक्समागे पैसे, फेटलिंगच्या ठेकेदाराला टनामागे. वाळू ओली वाटली म्हणून मोल्डर अर्धा तास थांबला, तर पैसे त्याचे बुडतात आणि फायदा मशीनशॉपचा होतो. असा दर ठेवून वर भिंतीवर ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ लिहिलं, तरी मोल्डर थांबणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. थांबलेल्या वेळेची मजुरी द्यायची, आणि रिजेक्शन कमी झाल्यावर वाचलेल्या पैशातला वाटा वाळूवाल्यापासून फेटलिंगवाल्यापर्यंत सगळ्यांना, ठेकेदाराच्या माणसांनाही द्यायचा, हा त्यावरचा उपाय. ठेकेदाराच्या माणसांचा मुद्दा आला की बहुतेक मालक बोटं मोडू लागतात. पण ओलं भंगार हातात असतं ते त्यांच्याच.