चंद्रकांत पंडित
चंद्रकांत सीताराम पंडित (जन्म: ३० सप्टेंबर १९६१, मुंबई) हे भारताचे माजी यष्टिरक्षक-फलंदाज व क्रिकेट प्रशिक्षक आहेत. रमाकांत आचरेकर यांचे शिष्य असलेले पंडित १९८६ ते १९९२ या काळात भारताकडून ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. त्या काळात यष्टिरक्षणाची जबाबदारी बहुधा किरण मोरे यांच्याकडे असल्याने काही सामन्यांत त्यांना केवळ फलंदाज म्हणून स्थान मिळाले.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये ते मुंबई, आसाम आणि मध्य प्रदेश या संघांकडून खेळले. १९९८-९९ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर पहिल्या डावात आघाडी घेऊनही त्यांचा संघ कर्नाटकाकडून पराभूत झाला.

निवृत्तीनंतर त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. मुंबईसारख्या मुरलेल्या संघाच्या यशाचे श्रेय प्रशिक्षकाला सहसा दिले जात नाही. विदर्भाची गोष्ट निराळी होती. त्यापूर्वी एकदाही अंतिम फेरी न गाठलेल्या या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोनदा विजेतेपद मिळवले. पंडितांची कडक शिस्त सर्वांनाच रुचणारी नसली, तरी तिचा परिणाम येथे दिसला.

जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर, आता प्रशिक्षक या नात्याने, त्यांनी मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला (जुन्या होळकर संघाची विजेतेपदे वेगळी धरली जातात). पराभूत संघ होता मुंबई. त्यानंतर ते कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. या संघाने २०२४ ची आयपीएल स्पर्धा जिंकली.