टोमॅटोचे गुण नातवंडांत उतरतात

१९६२ साली पेरूच्या अँडीज पर्वतात रानटी बटाट्यांच्या शोधात हिंडणारे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू इल्टिस यांना टोमॅटोच्या कुळातील एक तणासारखी वनस्पती दिसली. तिची फळे बोराएवढी आणि पिकल्यावरही हिरवट. कोशिंबिरीत कुणी घालणार नाही अशी. तरीही त्यांनी तिच्या बिया जमवून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवल्या. लागवडीच्या टोमॅटोशी संकर करून, अनेक पिढ्या निवड केल्यावर रिक यांनी १९७४ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते चकित करणारे होते. लाल, मोठ्या फळांच्या वाणात शर्करेसह विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण वाढले होते. सॉसच्या कारखान्यात याचा अर्थ सरळ आहे: आटवायचे पाणी कमी आणि इंधनाची बचत.

हिरव्या फळात दडलेला हा गुण नुसत्या डोळ्यांनी ओळखता आला नसता. रानटी वनस्पती काय देऊ शकते, हे तिच्याकडे पाहून नव्हे, तर तिची संतती वाढवूनच कळते. त्यातही घाई उपयोगाची नाही.

गालापागोस बेटांवरील रानटी टोमॅटोचे उदाहरण याबाबत बोलके आहे. टोमॅटोच्या देठावर सहसा एक सांधा असतो. फळ तोडताना देठ तिथेच मोडतो आणि त्याचा तुकडा फळाला चिकटून राहतो. गालापागोसच्या या झाडाला तो सांधाच नाही. साध्या टोमॅटोशी त्याचा संकर केला, की पहिल्या पिढीतील प्रत्येक रोपाच्या देठावर सांधा दिसतो. गुण हरवला, असे वाटते. पण याच रोपांच्या फळांतील बिया पेरल्या, की पुढच्या पिढीत साधारण चारांत एक रोप सांध्याविना येते. फळांचा आकार, रंग, पानांची लव यांतही या पिढीत एका वाफ्यात जणू भिन्न भिन्न वाणांचे संमेलनच भरते. यंत्राने तोडणी होणाऱ्या प्रक्रियेच्या टोमॅटोत आज हाच बिनसांध्याचा गुण वापरला जातो.

सगळ्याच जाती इतक्या सोशीक नाहीत. काही रानटी टोमॅटोंच्या फुलांना स्वतःचे परागकण चालत नाहीत. अशा जातीचे एकटेच रोप कुंडीत लावले, तर ते फुलांनी बहरेल, पण फळ धरणार नाही. दुसरे रोप शेजारी हवेच. पेरूतील एका जातीच्या परागाने लागवडीच्या टोमॅटोत बी धरले, तरी गर्भ अर्धवटच मरतो. तो वेळीच बीजातून काढून काचपात्रात वाढवावा लागतो. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना रोखणारे जनुक याच खटाटोपातून मिळाले.

भारतीय शेतकऱ्याला बोकड्या रोगाचा, म्हणजे पाने आकसवणाऱ्या विषाणूचा, अनुभव नवा नाही. पांढऱ्या माशीमुळे तो पसरतो आणि लागल्यावर औषध नसते. हिसार येथे केसाळ रानटी टोमॅटोशी संकर करून तयार केलेल्या ‘एच-२४’ वाणात या रोगाचा प्रतिकार आढळला. पुढे त्यामागचे जनुक ‘टीवाय-२’ या नावाने ओळखले गेले आणि परदेशांतील संकरित वाणांतही गेले.

हे भांडार अबाधित आहे, असे मात्र नाही. गालापागोसवर माणसांनी आणलेले टोमॅटो तेथील मूळ जातींशी आपसूक संकर करत असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. प्रयोगशाळेत हवाहवासा वाटणारा संकर तिथे मूळ जातीची ओळखच पुसून टाकू शकतो. रिक यांनी जमवलेल्या बिया डेव्हिस येथील बीजसंग्रहात सुरक्षित आहेत, परंतु बेटांवरील उघड्या लाव्हावर उगवणारी त्यांची भावंडे तशी नाहीत.