अडकलेले बटण आणि रोजची गोळी

भाजी चिरताना बोट कापते. थोडे रक्त येते, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत तिथे नवी त्वचा दिसू लागते. जखम भरून आली की तिथली वाढ आपोआप थांबते. ती थांबली नसती तर बोटावर गाठ झाली असती. पेशींना ‘वाढा’ असे सांगणारी आणि वेळेवर ‘पुरे’ म्हणणारी अशी एक यंत्रणा आपल्या शरीरात अखंड काम करत असते. कर्करोग समजून घ्यायचा तर आधी ही यंत्रणा समजून घ्यायला हवी.

जखमेजवळच्या प्लेटलेट्स काही प्रथिने सोडतात. त्यांना वाढ-घटक म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसा हा घटक पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरवर बसतो. मग पेशीच्या आत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि पेशी विभागते. या साखळीतली अनेक प्रथिने ‘कायनेज’ या प्रकारची असतात. कायनेज पुढच्या प्रथिनाला फॉस्फेटचा कण चिकटवते आणि त्याला जागे करते. काम झाले की दुसरी विकरे तो कण काढून टाकतात. म्हणजे दिव्याचे बटण दाबले, काम झाले, बंद केले. कर्करोगात अशी काही बटणे चालू स्थितीतच अडकतात, तर वाढीला आवर घालणारे काही ब्रेक निकामी होतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, अर्थात सीएमएल हा रक्ताचा कर्करोग. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. या आजारात ती संख्या लाखाच्याही वर जाऊ शकते. थकवा येतो, वजन घटते, पांथरी वाढल्यामुळे पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा वाटतो. अनेकदा मात्र काहीच त्रास नसतो आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत आजार उघड होतो.

१९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याचे कारण १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रावली यांनी दाखवून दिले. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. या अदलाबदलीत एबीएल आणि बीसीआर ही दोन वेगवेगळी जनुके एकमेकांना जोडली जातात. एरवी एबीएल हे गरजेपुरते चालू होणारे कायनेज. बीसीआरशी जोडले गेले की ते बंदच होत नाही. बाहेरून कोणताही निरोप आलेला नसताना अस्थिमज्जेतील पेशी विभागत राहतात. हा बदल जन्मानंतर एखाद्या पेशीत घडतो. त्यामुळे सीएमएल आई-वडिलांकडून मुलांकडे येत नाही, आणि तो संसर्गजन्यही नाही.

दोष एका बटणात असेल, तर तेवढेच बटण बंद करता येईल का? डॉ. ब्रायन ड्रकर, निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने काम केले आणि त्यातून इमॅटिनिब हे औषध पुढे आले. कायनेजला ऊर्जा जिथून मिळते त्या खाचेत हे औषध जाऊन बसते आणि पुढचा निरोप थांबवते. १९९८ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या टप्प्यात ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

भारतात प्रश्न किमतीचा होता. या औषधाच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग खुला राहिला.

मग प्रत्येक कर्करोगावर अशी गोळी का नाही? कारण स्तन, फुप्फुस किंवा आतड्याच्या कर्करोगात बहुधा एकाच वेळी अनेक बटणे अडकलेली आणि अनेक ब्रेक तुटलेले असतात. एक वाट अडवली की पेशी दुसरी शोधते. तरीही स्तनाच्या काही कर्करोगांत ‘हर-२’ या रिसेप्टरला रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब उपयोगी पडते. म्हणूनच गाठीचा तुकडा तपासताना डॉक्टर अशा जादा चाचण्या सांगतात. त्यावरच औषधाची निवड ठरते.

सीएमएलच्या रुग्णांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायला हवी. गोळी बटण दाबून धरते, ते दुरुस्त करत नाही. रिपोर्ट चांगला आला, बरे वाटू लागले, की गोळ्या चुकू लागतात. कधी डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ यांना कंटाळून, तर कधी प्रवासात किंवा पैशांच्या ओढाताणीमुळे. दहापैकी एकाहून अधिक गोळ्या चुकल्या तर औषधाचा परिणाम लक्षणीय घटतो, असे अभ्यासात दिसले आहे. आजार उलटला तर तो अधिक आक्रमक टप्प्यात जाऊ शकतो. काही रुग्णांत कायनेजमध्येच नवा बदल होऊन इमॅटिनिब लागू पडेनासे होते. त्यांच्यासाठी पुढच्या पिढीची औषधे आहेत, पण ते वेळेत कळण्यासाठी बीसीआर-एबीएलची तपासणी ठरल्या वेळी व्हायला हवी.

अनेक वर्षे उत्तम प्रतिसाद मिळालेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर देखरेखीखाली बंद करून पाहतात. त्यांच्यापैकीही सुमारे निम्म्या जणांना ती पुन्हा सुरू करावी लागते. त्यामुळे हा निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्रास होत असेल, मूल होऊ द्यायचे असेल किंवा खर्च झेपत नसेल, तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मात्रा बदलता येते, औषध बदलता येते, मदतीचा मार्गही शोधता येतो.