नाद-अनुनाद (१७) : जवारीचा दोरा

आज कानात शिरायचं ठरलं होतं. मधल्या कानातली तीन हाडं, त्यांच्या पलीकडचा शंख, शंखातला चिंचोळा पडदा, सगळी तयारी झाली होती. तो लेख आता पुढच्या आठवड्यात. कारण साताऱ्याहून आलेलं एक पत्र. पत्र लिहिणाऱ्या बाई गाणं शिकवतात. त्या विचारतात, "तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू येतो, ते उपस्वर त्या तारेतून उमटत नाहीत, असं तुम्ही मागच्या लेखात म्हटलंय. मी तंबोऱ्याची जोडाची तार बरोबर मध्यावर छेडली. वरचा सा तरीही स्पष्ट येतो. यंगसाहेबांचा हा नियम तंबोऱ्याला लागू नाही का?"

नाही, लागू नाही. पण एवढ्यावर हे पत्र फाईलला लावणं माझ्याच्यानं होणार नाही. बाईंनी नेमकं जिथे बोट ठेवलंय, तिथेच १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ठेवलं होतं.

रामन म्हटलं की आपल्याला समुद्राचा निळा रंग आणि १९३० चं नोबेल आठवतं. पण त्याआधी हा माणूस कित्येक वर्षं वाद्यांमागे लागला होता. वडील व्हायोलिन वाजवायचे, पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवायच्या. कोलकात्यात बहूबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत त्यांनी व्हायोलिनच्या तारांचा पिच्छा पुरवला. १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर मृदंग-तबल्यावरचं टिपण 'नेचर'मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी त्यांनी वीणा आणि तंबोरा हाती घेतले आणि छोटासा लेख लिहिला. त्यातला मुद्दा हाच की या दोन वाद्यांत जे उपस्वर असायलाच नकोत ते आहेत, आणि चांगले ठसठशीत आहेत.

प्रयोग घरी करता येतो. आधी गिटार घ्या. एक तार ठेवून बाकीच्यांवर रुमाल टाका. उरलेल्या तारेचा मध्य मोजून काढा, बोटाच्या गादीने तिथेच छेडा, आणि क्षणभराने त्याच जागी बोट अलगद टेकवून उचला. आवाज बंद. हिशेब सरळ आहे. मध्यावर छेडल्यामुळे दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर मुळात उमटलेच नव्हते. पहिला, तिसरा, पाचवा हे विषम उपस्वर मध्यावर सर्वांत जास्त हलतात, ते बोटाने दाबून टाकले. शिल्लक काय राहणार?

आता हेच तंबोऱ्यावर करा. घोडीची जवारी, म्हणजे तिच्या पाठीचा बाक, नीट लागलेली हवी, तारेखालचा दोरा जागेवर हवा. जोडाची, म्हणजे मधल्या दोन सा-च्या तारांपैकी एक, तार मध्यावर छेडा, तिथेच बोट टेकवा आणि उचला. मूळ सा जातो आणि वरचा सा गुणगुणत राहतो. छेडल्याबरोबर बोट टेकवलंत तर हा वरचा सा बारीक येतो. जरा दम खाऊन टेकवलंत तर भरीव येतो. या उशिराकडे लक्ष द्या. छेडताना सम उपस्वर तारेत नव्हते, ते मागाहून तयार होताहेत. मग दोरा मागे ओढून घ्या आणि पुन्हा करून पाहा. वरचा सा बराच दुबळा झालेला असेल.

यंगचा नियम खोटा नाही. त्यात एक गोष्ट गृहीत आहे : तारेची दोन्ही टोकं पक्की बांधलेली. गिटारची तार हाडाच्या एका धारेवर टेकते, तिथून पुढे ती सुटी. तंबोऱ्याची घोडी अशी धारेची नाही. ती तारेच्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्या पाठीला अगदी थोडा बाक असतो, अंगठ्याच्या नखाला लांबीच्या दिशेने असतो त्याहूनही कमी. तार या पाठीवर पसरट टेकते आणि पुढच्या उताराशी अतिशय लहान कोन करून निघून जाते. त्यात आपण तारेखाली सुती किंवा रेशमी दोरा सरकवतो. दोऱ्याने तार केसभर उचलली जाते आणि घोडीचा पुढचा भाग तिला टेकू की नको अशा अंतरावर येतो.

अशी तार छेडली की ती वर जाताना दोऱ्यापासून मोकळी असते आणि खाली येताना हाडावर लोळण घेते. म्हणजे तारेची लांबी प्रत्येक कंपनात किंचित कमीजास्त होते. काळी एकच्या जवळपास लावलेल्या जोडाची वारंवारता साधारण १४० हर्ट्झ धरा. सेकंदाला १४० वेळा तार हाडाला चाटून परत उठते, आणि दर वेळी सखल उपस्वरांची थोडी ऊर्जा वरच्या उपस्वरांच्या पदरात पडते. आपण छेडतो एकदाच; पुढचे शेकडो बारीक आघात घोडी करते, तेही मध्यावर नव्हे तर तारेच्या अगदी टोकाशी. टोकाशी कुठल्याच सखल उपस्वराचा मधला निस्पंद बिंदू येत नाही. त्यामुळे मध्यावर छेडून आपण जे वगळलं होतं ते घोडी परत आणते.

दोऱ्याचं खरं काम फ्रान्समधल्या क्लोद वालेत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडलं. पोलादी तारेला ताण असतो तसा अंगचा ताठपणाही असतो. ताठपणामुळे उंच वारंवारतेच्या लहरी सखल लहरींपेक्षा थोड्या वेगाने धावतात. प्रत्येक फेरीत त्या मुख्य लहरीच्या थोड्या पुढे निघतात आणि घोडीपाशी आधी येऊन पोचतात. दोरा आणि घोडीचा पुढचा काठ यांच्यामधलं छोटं अंतर या आगाऊ आलेल्या लहरींना खतपाणी घालतं. कोणत्या उपस्वरांना किती, ते त्या अंतरावर ठरतं. म्हणून दोरा अर्ध्या मिलिमीटरने सरकवला तरी तंबोऱ्याचा चेहरा बदलतो. एका जागी तार नुसती टणटणते, दोरा जरा पुढे घेतला की कुरकुरते, आणि मधे कुठेतरी एकदम खुलते. गवई डोळे मिटून दोरा सरकवत बसलेला दिसतो तेव्हा तो हे अंतर मोजत असतो. यापेक्षा चांगलं मोजमाप मी प्रयोगशाळेतही पाहिलेलं नाही.

खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा-ची, तार एकदाच छेडा आणि ती विरेपर्यंत दुसरं काही करू नका. नाद एका जागी उभा नसतो. आरंभी वरच्या उपस्वरांचा झगमगाट असतो, मग तो जोर हळूहळू खालच्या उपस्वरांकडे उतरत येतो. तारेचा स्वर बदलत नाही, त्यातला उजेड मात्र सरकत राहतो. चार तारा एकामागून एक अशा सरकत्या उजेडाने छेडल्या जातात, आधीचा उतरतो न उतरतो तोच पुढचा चढतो. तंबोरा 'भरलेला' वाटतो तो त्यामुळे.

आता हे सगळं ज्यांच्या हातांतून उतरतं त्यांच्याबद्दल. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन यांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. मला यात नवल वाटत नाही. जवारी काढणं हे शेवटी कानस चालवण्याचंच काम आहे. भोपळे भीमेकाठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, चांगलं झालं.

जवारी काढताना शेजारी बसायला मिळालं तर बसावं. कारागीर तार सैल करून बाजूला सारतो. हाडावर तार जिथे टेकत होती तिथे बारीक चकचकीत रेघ उठलेली असते. तो घोडी उजेडाकडे तिरकी धरून ती रेघ वाचतो. रेघ मागेच संपली असेल तर पुढचा उतार जास्त झालाय, पार काठापर्यंत गेली असेल तर घोडी सपाट झालीये. मग कानशीचे दोन हात, वर पॉलिश पेपर, तार पुन्हा चढवायची, स्वरात आणायची, ऐकायची, पुन्हा उतरवायची. चारही तारांची जाडी सारखी नसते, धातूही एक नसतो. मधल्या जोडाच्या पोलादी, खर्जाची जाड पितळी, ती हलतेही जास्त. म्हणून एकाच घोडीवर चार वेगवेगळे उतार काढावे लागतात. 'खुली' हवी की 'गोल' हे गवयाच्या आवाजावर ठरतं. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब याबाबतीत कुणावर विसंबत नसत, जवारी स्वतः काढत. नुसत्या नव्या तारा चढवायला दिलेला तंबोरा एका दुकानदाराने 'घोडी साफ करून' मला परत दिला होता. सपाट, गुळगुळीत आणि मुका. त्या दिवसापासून घोडीला हात लावणाऱ्याचं नाव विचारल्याशिवाय मी तंबोरा कुठे ठेवत नाही.

जवारी लागली की खर्जातून गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार. हा खर्जाचा पाचवा उपस्वर. खर्ज ७० हर्ट्झ असेल तर गंधार पाचपट, म्हणजे ३५०. संवादिनीवर त्याच सा-वरून गंधाराची पट्टी दाबलीत तर ती ३५३ च्या आसपास बोलते, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. दोन्ही एकदम वाजवलेत तर सेकंदाला तीनेक डोल, म्हणजे आवाजाचे चढउतार, स्वच्छ मोजता येतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी श्रुतींच्या नेमक्या जागा ठरवण्याचा जो खटाटोप विसाव्या शतकाच्या आरंभी केला, त्याच्या मुळाशी हेच तीन डोल आहेत. त्या वादात आत्ता शिरलो तर कान पुढच्या वर्षावर जाईल.

बाईंच्या पत्राला एक ताजा कलम होता : विद्यार्थी मोबाईलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतात, चालेल का? प्रवासात चालेल. पण त्यातली एक उणीव भौतिकशास्त्राची आहे. अ‍ॅपचा आवाज वाढवला की सगळे उपस्वर सारख्याच पटीत वाढतात. खऱ्या तारेला बोटाचा जोर दुप्पट केला तर ती हाडावर वेगळ्या तऱ्हेने लोळते, उपस्वरांचं आपसातलं प्रमाणच बदलतं. नखाने ओढलेला आणि गादीने छेडलेला तंबोरा म्हणूनच दोन वेगळी वाद्यं वाटतात. एका विद्यार्थ्याने तंबोरा छेडायला बसावं, दुसऱ्याने गावं, मग अदलाबदल करावी. छेडणाराही शिकतो, बहुतेक वेळा गाणाऱ्याहून जास्त.

मोबाईलचा विषय निघालाच आहे तर पुढच्या आठवड्यासाठी एक काम. काळी एकचा तंबोरा मोबाईलच्या स्पीकरवर लावा, इयरफोन नको. तेवढ्याशा स्पीकरमधून ७० हर्ट्झ जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी खर्जाचा सा तुम्हाला खर्जातच ऐकू येईल, एक सप्तक वर नाही. हवेत नसलेला तो सा कोण तयार करतं, तिथूनच कानात शिरू.