बांबूचा हिशेब कोणी मांडायचा?

पर्यावरण, शाश्वत विकास, लोकसहभाग हे शब्द आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या जगापुढे मांडली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, परंतु पुढील पिढ्यांच्या तोंडचा घास काढून घेऊ नये, असा तिचा थोडक्यात आशय आहे. व्याख्या सोपी आहे. मात्र जंगलातून किती घ्यावे, किती राखावे आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न सोपा नाही. ज्यांचे पोट जंगलावर आहे, त्यांना बाजूला ठेवून त्याचे उत्तर काढले तर ते केवळ अन्यायाचेच नव्हे, तर चुकीचेही ठरते. म्हणूनच सहभागी संशोधनाची गरज आहे. ही पद्धत काय आहे, हे आम्ही येथे बांबूच्या दोन उदाहरणांवरून समजावून देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

बांबू हा गरिबाचा सोबती होय. तान्ह्या बाळाला ठेवतात ते सूप बांबूचे आणि अखेरची तिरडीही बांबूचीच. शास्त्रीयदृष्ट्या बांबू हे झाड नसून गवत आहे. पावसाळ्यात जमिनीखालील कंदातून कोंब फुटतात. गडचिरोलीकडे त्यांना वास्ते म्हणतात. हा कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो, मात्र पक्का होण्यास त्याला आणखी काही वर्षे लागतात. कोवळे राखून जून तेवढे तोडले, तर एकच बेट अनेक वर्षे उत्पन्न देत राहते. उलट कोंबच नष्ट झाले, तर बेट संपते.

पहिले उदाहरण कर्नाटकातील आहे. तेथील जंगलांतील बांबू कागद गिरण्यांना अत्यंत नाममात्र दराने दिला जात होता. बांबू संपत चालला तेव्हा टोपल्या विणून पोट भरणाऱ्या कारागिरांच्या हातचे काम गेले. त्यांच्या तक्रारी वाढल्या. १९७५ च्या सुमारास शासनाने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्याकडे अभ्यासाचे काम सोपविले. ऱ्हासाचे खापर गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर फोडले जात होते. गाडगीळ व त्यांचे सहकारी रानोमाळ हिंडले आणि त्यांनी गावकऱ्यांनाही विचारले.

गावकऱ्यांनी वेगळेच कारण सांगितले. तेथील काटेरी बांबूच्या बुंध्याभोवती काट्यांचे दाट जाळे असते. तोड सोपी व्हावी आणि बेटाची वाढ चांगली व्हावी, या समजुतीने ते साफ केले जात होते. परंतु हे काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचे कुंपण होते. कुंपण गेल्यावर गुरे, साळिंदर, वानरे यांना कोंब आयतेच सापडले. शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष पाहणी करून हे म्हणणे पडताळले आणि ते खरे ठरले. त्याचबरोबर जंगलात बांबू किती आहे याचे सरकारी अंदाजही फार फुगवलेले असल्याचे आढळले. ज्याला अडाणी म्हणून गप्प बसविले जात होते, त्याला कारण ठाऊक होते. मात्र त्याला विचारणारे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव आहे. येथे संशोधन बाहेरून आले नाही, तर गावातच उभे राहिले. १९८० च्या दशकात वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातील देवाजी तोफा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून येथे अभ्यास गट सुरू झाला. अभ्यास गटाने माहिती घ्यायची, कायदे समजून घ्यायचे, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे, चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यायचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. अभ्यास आणि निर्णय यांची अशी विभागणी केल्यामुळे जाणकाराचा मान राहिला आणि गावाचा अधिकारही राहिला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुढे सर्वदूर पोहोचली.

या अभ्यासाचे फळ पुढे मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले. त्या कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांपैकी हे एक होय. तरीही १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होत असल्याने विक्री अडली. वाहतूक परवाना कोणी द्यायचा, यावर वाद झाला. गावाने हा मुद्दा सोडला नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. बांबू गवत आहे हे शास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु वनक्षेत्राबाहेर वाढणाऱ्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले.

या दोन उदाहरणांवरून सहभागी संशोधनाची काही सूत्रे सांगता येतील. पहिले असे की, प्रश्न कोणता अभ्यासायचा हे लोकांसोबत बसून ठरवावे. दुसरे, मोजणी लोकांनीही करावी, म्हणजे आकडे त्यांना आपले वाटतात. तिसरे, लोकांचे म्हणणे आंधळेपणाने स्वीकारू नये व तुच्छतेने नाकारूही नये. शास्त्रज्ञाचे मत जसे पडताळून घ्यावे, तसेच हेही घ्यावे. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, निष्कर्ष लोकांच्या भाषेत गावात परत यावेत. माहिती घेऊन जाणारे पुष्कळ येतात, ती परत आणून देणारे थोडे असतात.

कायद्यानेही आता या पद्धतीला जागा दिली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावातील वनस्पती, प्राणी, बियाणे आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान तिच्यात नोंदवायचे असते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर देशभर दोन लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या. वही भरली म्हणजे अभ्यास झाला, असे मात्र समजू नये. गावाला पत्ता नसताना भरलेली वही कपाटाची धनी होते. ग्रामसभेत वाचलेली वही गावाचे हत्यार बनते. उद्या गावच्या तळ्यावर, गायरानावर किंवा जंगलावर कोणी हक्क सांगितला, तर पुरावा म्हणून तीच उपयोगी पडेल.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची मुळे खेड्यात आहेत. आपली मुले-मुली आज महाविद्यालयात शिकत आहेत. त्यांना प्रकल्प लिहावे लागतात. आमची त्यांना एकच विनंती आहे. एखादा प्रकल्प आपल्या मूळ गावाविषयी करावा. गावातील वडीलधाऱ्या माणसांना, विशेषतः आजी-मावश्यांना, रानभाज्या, तळी, विहिरी यांविषयी विचारावे, स्वतः मोजावे आणि लिहावे. तो प्रकल्प प्राध्यापकांकडे देण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावा. तेथे कोणी उठून ‘हे असे नाही’ म्हणाले, तर ते नम्रपणे टिपून घ्यावे. ज्यांचा हिशेब दुसरे मांडतात, त्यांच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. आपला हिशेब आपण मांडायला शिकलो, तर निसर्गही टिकेल आणि माणूसही सन्मानाने जगेल.